चिमणरावाला मराठवाड्यात आणायचं तर: गाजलेल्या पात्रांवर स्पेक पटकथा लिहिण्याची रीत

नांदेड, लातूर, परभणी, बीडकडं लिहिणाऱ्या पोरापोरींची सुरुवात बहुतेक वेळा एकांकिकेनं होते. युवक महोत्सव, एकांकिका स्पर्धा, कॉलेजचं स्नेहसंमेलन. संवादाचा हात तिथं बसतो. पटकथेकडं वळलं की मात्र अडतं, कारण तिथं एकाच वेळी पात्रं घडवायची, जग उभं करायचं, गोष्ट रचायची आणि पडद्याचा हिशोबही सांभाळायचा असतो. गाजलेल्या पात्रावर स्पेक लिहिताना यातली पहिली दोन कामं आधीच झालेली असतात. उरतात ती रचना आणि पडदा. म्हणून नव्या माणसाला मी हाच सराव सुचवतो.

स्पेक म्हणजे कुणी न सांगता, पैसे न घेता, स्वतःच्या हिमतीवर लिहिलेली पटकथा. ती नव्या गोष्टीची असू शकते, तशी चालू मालिकेच्या एका कल्पित भागाची किंवा गाजलेल्या चित्रपटाच्या न आलेल्या पुढच्या भागाचीही असू शकते. हा लेख या दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे.

कशासाठी लिहिताय ते आधी ठरवा

दुसऱ्याच्या पात्रावर लिहिलेली स्पेक सहसा विकली जात नाही. ती नमुना म्हणून वाचली जाते: या माणसाला आखून दिलेल्या चौकटीत लिहिता येतं का, दुसऱ्यानं घडवलेल्या माणसाचा आवाज पकडता येतो का. मालिकांच्या धंद्यात याच कौशल्याची गरज असते. तिथं कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, आणि तिघांचं मिळून पात्र एकच दिसावं लागतं.

अपवाद आहेत. अमेरिकेत ‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’ या मालिकेनं बाहेरच्या लेखकांच्या पटकथा वाचायचं धोरण ठेवलं होतं. रोनाल्ड मूर यांनी अशीच पाठवलेली पटकथा 1989 साली त्या मालिकेचा भाग झाली आणि पुढं ते तिथंच लेखक म्हणून लागले. पण हे दार मालिकेनं स्वतः उघडलं होतं. दार बंद असताना आत ढकललेल्या कागदांचं काय होतं, त्याचंही उदाहरण आहे. टिमथी अँडरसन नावाच्या लेखकानं 1982 साली ‘रॉकी’च्या चौथ्या भागासाठी 31 पानांचा आराखडा स्वतःहून लिहिला. चौथा भाग 1985 साली आला, तेव्हा आपली गोष्ट उचलली म्हणून तो कोर्टात गेला. 1989 साली कोर्टानं उलटंच सांगितलं: पात्रं परवानगीशिवाय वापरली होती, त्यामुळं त्या आराखड्यात त्यानं स्वतः घातलेल्या नव्या भागालाही संरक्षण मिळत नाही. वर्षभर राबून लिहिलेली गोष्ट आपलीही राहिली नाही आणि त्यांचीही झाली नाही, असं होऊ द्यायचं नसेल तर पुढचा मुद्दा नीट वाचा.

पात्र कुणाचं आहे

भारतात 1957च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क टिकतो. ही 60 वर्षं मृत्यूच्या पुढच्या 1 जानेवारीपासून मोजायची. चित्रपटाचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षं. रूपांतर करायचा अधिकारही त्या हक्काच्या मालकाकडंच असतो.

हे गणित ओळखीच्या पात्रांना लावून बघू. ‘फास्टर फेणे’चे भा. रा. भागवत 2001 साली गेले, म्हणजे 2061 संपेपर्यंत बन्या फेणेवर परवानगीशिवाय काही काढता येणार नाही. ब्योमकेश बक्षीचे शरदिंदु बंद्योपाध्याय 1970 साली गेले, म्हणजे 2030 संपेपर्यंत थांबायचं. शेरलॉक होम्सचे कॉनन डॉइल 1930 साली गेले. आपल्याकडं होम्स केव्हाच मोकळा झाला, आणि अमेरिकेत त्याच्या शेवटच्या कथाही 1 जानेवारी 2023 पासून खुल्या झाल्या. गडकरी 1919 साली गेले, त्यामुळं ‘एकच प्याला’तला तळीराम आज कुणीही पुन्हा रंगवू शकतो.

आणि चि. वि. जोशी 21 नोव्हेंबर 1963 रोजी गेले. म्हणजे त्यांच्या विनोदी कथांतले चिमणराव आणि त्याचा भाऊ गुंड्याभाऊ 1 जानेवारी 2024 पासून सगळ्यांचे झाले. मराठीत पटकथा लिहिणाऱ्याला याच्याइतकी चांगली बातमी क्वचितच मिळते, आणि तिची म्हणावी तशी चर्चा झालेली नाही. दोन गोष्टी मात्र सांभाळा. लेखकाच्या मृत्यूनंतर पहिल्यांदा छापल्या गेलेल्या लेखनाची 60 वर्षं छापल्याच्या सालापासून मोजतात, म्हणून कोणती कथा केव्हा छापली ते तपासा. दुसरं, दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांची दूरदर्शनवरची मालिका हे वेगळं काम आहे आणि तिचा हक्क वेगळा चालतो. तिच्यासाठी रचलेले प्रसंग, संवाद, लकबी घेऊ नका. पुस्तकातून घ्या.

नाव बदललं की सुटलो, असा एक समज गावोगावी ऐकू येतो. ‘शोले’वरून 2007 साली आलेल्या चित्रपटात गब्बरचा बब्बन झाला होता. तरी 2015 साली दिल्ली उच्च न्यायालयानं 10 लाख रुपयांची भरपाई लावली. दुसरीकडं, नुसत्या कल्पनेवर कुणाचा हक्क नसतो हे सर्वोच्च न्यायालयानं 1978 सालीच आर. जी. आनंद खटल्यात सांगितलं आहे. भित्रा कारकून आणि धिप्पाड भाऊ ही कल्पना कुणीही वापरावी. पण कारकुनाची बायको, मुलगा, बोलणं, फजितीची तऱ्हा सगळं तेच ठेवून फक्त पाटी बदलली, तर ती कल्पना उरत नाही.

तर निवड अशी करा. मालिकेच्या लेखनात शिरायचं असेल आणि फक्त नमुना दाखवायचा असेल, तर चालू मालिका घ्या. रोजच्या मालिका टाळा, तुमचा भाग लिहून होईपर्यंत कथा कुठल्या कुठं गेलेली असते. प्रत्येक भागात गोष्ट पूर्ण होणारी मालिका बरी. आणि पुढं कधी स्वतः शूट करायचं मनात असेल, तर मोकळं पात्रच घ्या. इथून पुढं मी चिमणरावच धरून चालतो.

मूळ लेखन फोडून बघा

आवडतं म्हणून पात्र कळतं असं नाही. वही घ्या, निवडलेल्या पात्राच्या चार-पाच कथा किंवा भाग घ्या आणि प्रत्येकाची फोड करा. मालिका असेल तर घड्याळ लावून लिहा: पहिली अडचण कितव्या मिनिटाला येते, सीन किती, ब्रेकच्या आधी काय घडतं, शेवटचा सीन कुठं होतो. कथा असेल तर लिहा: भानगड कोण सुरू करतं, ती वाढवतं कोण, सोडवतं कोण, आणि शेवटी कुणाचं काय नुकसान होतं.

फोड करताना एक रकाना ‘कधीच होत नाही’ याचा ठेवा. हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. चिमणराव कधी कुणाला मुद्दाम फसवत नाही. गुंड्याभाऊ कधी बारकाईनं विचार करून बोलत नाही. तुमच्या पटकथेत यातलं काही झालं, की वाचणाऱ्याला कारण सांगता आलं नाही तरी काहीतरी चुकलंय एवढं कळतं.

त्यानंतर पात्राचे नियम एका पानात लिहा. त्याला काय हवं असतं, तो कशाला घाबरतो, घाबरला की काय करतो, कुणापुढं बदलतो. ‘चिमणराव भित्रा आहे’ एवढ्यावर थांबू नका, त्यानं सीन लिहिता येत नाही. ‘चिमणराव घाबरला की गरजेपेक्षा जास्त खुलासा करतो आणि तो खुलासाच त्याला अडकवतो’ असा नियम केला, तर त्यावर दहा सीन लिहिता येतील. हा नियम मी माझ्या वाचनातून काढला आहे. तुमचा वेगळा निघाला तरी हरकत नाही, फक्त तो कृतीत सांगता आला पाहिजे.

चिमणरावाच्या बाबतीत एक खास अडचण आहे. गोष्टी तो स्वतः सांगतो. तो स्वतःला समजूतदार, व्यवहारी समजून सांगतो आणि वाचकाला त्या सांगण्याआडून घाबरगुंडी दिसते. पडद्यावर हा सांगणारा आवाज जातो. बरेच जण तो निवेदन म्हणून परत आणतात आणि प्रत्येक सीनवर त्याचं पांघरूण घालतात. तसं करू नका. बोलणं एक आणि हात दुसरंच करतायत, अशी फारकत सीनमध्येच दाखवा. निवेदन ठेवायचंच असेल, तर ते झाकून सीन वाचा. सीन तरीही समजत असेल आणि हसू येत असेल, तर निवेदन राहू द्या. नसेल, तर सीन पुन्हा लिहा.

जागेनं पात्राला अडवलं पाहिजे

आपल्याकडच्या स्पेकमध्ये नेहमी दिसणारी चूक ही: पात्र उचलायचं, अजिंठ्याला किंवा दौलताबादच्या किल्ल्यावर नेऊन ठेवायचं आणि तेच करायला लावायचं जे ते पुण्या-मुंबईत करतं. मग जागा नुसती मागच्या पडद्यावरचं चित्र होते. स्वतःला विचारा, की हीच गोष्ट साताऱ्यात घडली असती का? उत्तर हो आलं, तर मराठवाडा अजून गोष्टीत आलेला नाही.

1930च्या दशकातला चिमणराव घ्या. त्या काळात मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. पुण्याहून औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, लग्नाला यायचं तर मनमाडला उतरून निजामाच्या रेल्वेच्या मीटरगेज गाडीत बसायचं. संस्थानात शिरलं की जकात, तिला करोडगिरी म्हणत. कारभाराची भाषा उर्दू. नाणंसुद्धा वेगळं: इंग्रजी अमलातला रुपया कलदार, निजामाचा हाली, आणि हिशोब साधारण 6 कलदाराला 7 हाली असा. घाबरला की खुलासे करणाऱ्या माणसाला भाषा न समजणाऱ्या जकातदारापुढं उभं केलं, की त्याचा स्वभाव आणि आपली जागा एकमेकांत अडकतात. ही गोष्ट साताऱ्यात घडू शकत नाही. एका ओळीत ती अशी लिहीन: लग्नाला निघालेला चिमणराव प्रामाणिकपणे खरं सांगत सुटल्यामुळं जकातीत अडकतो आणि मुहूर्ताआधी सुटण्यासाठी त्याला आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसायला शिकावं लागतं.

ही ओळ झाल्याशिवाय सीन लिहायला घेऊ नका. ओळीत पात्राचं नाव काढून दुसऱ्या कुणाचं घातलं आणि तरी ती चालली, तर कल्पना पात्राची नाही. गुंड्याभाऊचं नाव घालून बघा. तो जकातदाराशी दुसऱ्या वाक्यालाच भांडेल आणि गोष्ट तिथंच संपेल. म्हणजे ओळ ठीक आहे.

त्यानंतर सीनची यादी. बावीस मिनिटांच्या भागाला दहा-बारा सीन पुरतात. प्रत्येक सीनपुढं दोनच गोष्टी लिहा: कुणाला काय हवंय, आणि सीन संपताना परिस्थिती कशी बदलली. दुसऱ्या रकान्यात काही लिहिता आलं नाही, तर तो सीन काढा.

एक सीन जवळून

बाह्य. औरंगाबाद स्टेशन, करोडगिरी नाका. सकाळ, 1935.

लाकडी टेबल. मागं जवान, पुढं सामान घेतलेल्या लोकांची रांग. गुंड्याभाऊच्या खांद्यावर वळकटी, हातात काठी. चिमणराव पितळी डबा छातीशी धरून उभा. शेजारी त्याचा मुलगा मोरू.

जवान: डिब्बे में क्या है?

चिमणराव: लाडू. बुंदीचे. म्हणजे लग्नाचे. माझ्या लग्नाचे नव्हे, माझं झालंय. मोजून एकशे एक आहेत. (डबा आणखी आवळत) खाली काही नाही.

जवान पहिल्यांदाच मान वर करतो.

जवान: नीचे?

चिमणराव: तेच म्हणतोय मी. खाली काही नाही!

जवान डबा ओढून घेतो. एकेक लाडू काढून टेबलावर मांडू लागतो.

रांगेतला शेतकरी: (हळू) पाव्हणं, पयल्यांदाच आलाव का इकडं? इचारलं तेवढंच सांगावं.

गुंड्याभाऊ: (काठी आपटत) मोजतोस काय? खाऊन बघ!

जवान शेवटचा लाडू ठेवतो. डबा उपडा करतो. रिकामा.

जवान: सौ. एक कहाँ गया?

चिमणराव मोरूकडं बघतो. मोरूचे गाल फुगलेले.

या सीनमध्ये चिमणराव एकही खोटं बोलत नाही, तरी प्रत्येक वाक्यानं खोल जातो. संशय ‘खाली काही नाही’ या न विचारलेल्या उत्तरातून येतो. आकडा तो स्वतःच सांगतो, आणि तोच आकडा शेवटी त्याच्यावर उलटतो. गुंड्याभाऊला एकच ओळ आहे, कारण त्याला दोन दिल्या असत्या तर भांडण झालं असतं आणि चिमणरावाची फजिती मागं पडली असती. मोरूला एकही शब्द नाही. ‘जवान चिडतो’, ‘चिमणरावाला भीती वाटते’ असं कुठं लिहिलेलं नाही. मान वर होते, डबा आवळला जातो. वर्णनात कॅमेऱ्याला आणि नटाला करता येईल तेवढंच लिहा.

बोलीबद्दल

त्या शेतकऱ्याकडं परत बघा. अख्ख्या सीनमध्ये शहाणा तो आहे. हे मी मुद्दाम केलंय आणि तुम्हीही करावं अशी माझी कळकळीची विनंती आहे. मराठवाड्याची बोली पडद्यावर आली की ती गडी, शिपाई किंवा येडगावचा पाहुणा यांच्याच तोंडी येते आणि प्रेक्षकानं तिला हसावं अशी अपेक्षा असते. आपण लिहितोय तर आपल्या बोलीत निर्णय घेणारी, हिशोब करणारी, प्रेम करणारी माणसं बोलू द्या.

दुसरं, अख्ख्या मराठवाड्याची बोली एक नाही. ‘काय करायलास’ आणि ‘काय करूलालास’ बोलणारी माणसं वेगवेगळ्या पट्ट्यातली. पात्र कुठल्या तालुक्यातलं ते ठरवा आणि तिथल्या माणसाकडून संवाद वाचून घ्या. मूळ पात्राची भाषा मात्र हलवू नका. चिमणराव पुण्याचाच बोलणार. तो दुसऱ्याच सीनमध्ये ‘जायलो’ म्हणाला, तर तो चिमणराव राहत नाही. प्रत्येक ओळीवरचं नाव झाकून मित्राला वाचायला द्या. कोण बोलतंय हे त्याला ओळखता आलं पाहिजे.

कागद आणि वाचन

युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेली फाइल दुसऱ्याच्या मशीनवर उघडली की अक्षरं फुटतात. सीनच्या माथ्यावर अंतर्गत की बाह्य, जागा आणि वेळ. संवादाच्या वर पात्राचं नाव. मुंबईत वर्णन इंग्रजीत आणि संवाद मराठीत अशी पद्धतही चालते. तुम्हाला ज्या भाषेत दिसतं त्या भाषेत वर्णन लिहा. पाठवताना पीडीएफच. पानाला एक मिनिट हा हिशोब इंग्रजी टाइपरायटरच्या फॉन्टवर बसलेला आहे, देवनागरीत त्यावर विसंबू नका. मोठ्यानं वाचा, हालचालींना वेळ द्या आणि घड्याळ लावा.

एकांकिकेचा ग्रुप असेल तर पहिलं वाचन त्यांच्यासमोर करा, पण तुम्ही स्वतः वाचू नका. दुसऱ्यांना वाटून द्या आणि गप्प बसून ऐका. वाचणारा जिथं अडखळतो तिथं खूण करा. ऐकणारा जिथं मोबाइल काढतो तिथंही करा. नाटकवाल्यांची एक सवय इथं नडते: आपण सगळं संवादातून सांगतो, कारण रंगमंचावर तोच मार्ग असतो. दुसऱ्या खर्ड्यात प्रत्येक सीनमधली एक तरी माहिती संवादातून काढून वस्तूत किंवा कृतीत घाला.

पाठवताना

मुंबईतल्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सदस्यत्व घेतलं की पटकथेची ऑनलाइन नोंदणी करता येते. कॉपीराइट कार्यालयातही नोंदणी होते, साहित्यकृतीला फी 500 रुपये. हक्क नोंदणीशिवायही असतो, नोंदणी हा तारखेचा पुरावा. पण दुसऱ्याच्या चालू पात्रावरच्या स्पेकची नोंदणी केली म्हणून पात्र तुमचं होत नाही, हे अँडरसनच्या उदाहरणातून लक्षात आलं असेलच.

चालू मालिकेची स्पेक त्याच मालिकेच्या निर्मात्याला न विचारता पाठवू नका. उद्या त्यांच्या भागात योगायोगानं तसाच प्रसंग आला तर भांडण नको, म्हणून बरेच निर्माते असे कागद उघडतही नाहीत. नमुना नेहमी दुसऱ्या कुणाला दाखवा: सहायक शोधणाऱ्या लेखकाला, दुसऱ्या मालिकेच्या टीमला. आधी दोन ओळींचा निरोप टाका, होकार आला तरच फाइल पाठवा. कुणी आधी सही करायचा फॉर्म दिला तर पूर्ण वाचा. बहुतेकदा त्यात लिहिलेलं असतं की तुमच्यासारखी कल्पना त्यांच्याकडं आधीच असू शकते. स्पर्धेला पाठवायची असेल तर नियम बघा, बऱ्याच ठिकाणी फक्त स्वतंत्र गोष्टच चालते. अमेरिकेतली निकोल फेलोशिप त्यातलीच एक.

पहिल्या पानावर एवढंच ठेवा: शीर्षक, तुमचं नाव आणि संपर्क, खर्ड्याची तारीख, आणि एक ओळ. चालू मालिकेची असेल तर ‘लेखनाचा नमुना, विक्रीसाठी नाही’. मोकळ्या पात्राची असेल तर ‘चि. वि. जोशी यांच्या पात्रांवर आधारित’. हक्क संपला तरी मूळ लेखकाचं नाव पहिल्या पानावर असलंच पाहिजे.